कुजबुज जपानपर्यंत पोहोचते, मग मैत्री का पोहोचू नये?

१६ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. तेव्हापासून दर ऑक्टोबरमध्ये आपण सारे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जमतो. मागच्या मेळाव्यात पुस्तकांच्या स्टॉलवर ऊर्जानगरची एक मुलगी भेटली. वडील वीज केंद्रात नोकरीला होते, सारे बालपण कॉलनीच्या क्वार्टरमध्ये गेले. दोन वर्षे जपानमध्ये शिकून नुकतीच परतली होती. मी कौतुकाने विचारले, "काय बेटा, जपानी शिकायला जड गेले का?" ती हसली आणि म्हणाली, "काका, जपानी समजायला सहा महिने लागले. आपल्या लोकांचे बोलणे समजायला मात्र पहिला रविवारच पुरला."

मित्रांनो, तिच्या त्या पहिल्या रविवारबद्दल आज लिहायचे आहे.

भारतीय विद्यार्थ्यांनी मिळून वरण-भात केला होता. महिनाभर घरचे जेवण मिळाले नव्हते, त्यामुळे ही आनंदाने गेली. मराठी बोलणारे चार-पाच जण भेटले. पहिला प्रश्न, "आडनाव काय?" दुसरा प्रश्न, "चंद्रपूर म्हणजे मूळ गाव कुठले?" तिसरा प्रश्न, "कोणत्या स्कॉलरशिपवर आलीस?" तिन्ही प्रश्न गोड आवाजात विचारले गेले. पंधरा दिवसांनी एका ज्युनिअर मुलीकडून तिच्या कानावर आले, "तिला काय, सरकारनेच पाठवले. आमच्यासारखे मेरिटवर थोडेच यावे लागते त्यांना!"

गंमत बघा. ही मुलगी जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेली होती. तिथे जातीचा रकानाच नाही. लेखी परीक्षा, मुलाखत, संशोधनाचा आराखडा हे सगळे पार करूनच ती पोहोचली होती. पण कुजबुजीला पुरावा लागत नाही. तिला फक्त आडनाव लागते.

आणि समजा, ती आपल्या राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेली असती, तर काय बिघडले असते? त्या शिष्यवृत्तीलाही नामवंत विद्यापीठाचा प्रवेश आधी स्वतःच्या बळावर मिळवावा लागतो. बापाच्या पैशावर परदेशी गेलेल्याला कुणी "बापाने पाठवले" म्हणून हिणवत नाही. संविधानाच्या हक्काने गेलेल्यालाच का हिणवले जाते? बाबासाहेब स्वतः १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले होते. शिष्यवृत्तीची लाज वाटायची असेल तर मग आपल्या संपूर्ण चळवळीचीच लाज वाटायला हवी!

त्यानंतर तिने त्या जेवणांना जाणे सोडले. काही महिने एकटी राहिली. मग तिच्याच प्रयोगशाळेतली ओसाका भागातली एक जपानी सीनियर मैत्रीण झाली. एका रात्री रेल्वे स्टेशनवरून परतताना त्या मैत्रिणीने विचारले, "तू तुमच्या लोकांत का जात नाहीस?" हिने मोडक्या जपानीत जात म्हणजे काय ते सांगितले. मैत्रीण बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझी आजी तिचे मूळ गाव कुणालाच सांगायची नाही."

ती मैत्रीण बुराकू समाजातली होती.

आपल्यापैकी किती जणांना बुराकू माहीत आहेत? एदो काळात मेलेली जनावरे ओढणे, चामडे कमावणे, फाशी देणे ही कामे ज्यांच्या माथी मारली आणि 'एता', 'हिनिन' म्हणून ज्यांना गावाबाहेर ठेवले, ते हे लोक. चेहरा तोच, भाषा तीच, धर्म तोच. १८७१ मध्ये मेइजी सरकारने फर्मान काढून ती नावे रद्द केली. पण पुढच्याच वर्षीच्या कुटुंब नोंदवहीत अनेकांपुढे 'नवे सामान्यजन' असा शिक्का बसला. कायद्याने जात काढली, वहीने परत लावली. ही जुनी वही लोकांना पाहण्यासाठी बंद व्हायला १९६८ साल उजाडले.

आता खरी गोष्ट ऐका. जपानीत एक म्हण आहे, लोकांची कुजबुज पंचाहत्तर दिवस टिकते. म्हणजे दुर्लक्ष करा, आपोआप विरून जाईल. आपल्याकडेही वडीलधारी हेच सांगतात, "लोक काय, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील." पण जातीच्या कुजबुजीला ही म्हण लागू पडत नाही. १९७५ मध्ये जपानमध्ये उघडकीस आले की बुराकू वस्त्यांची नावे आणि ठिकाणे असलेली पुस्तके छापून गुपचूप कंपन्यांना विकली जात होती. दोनशेच्या वर कंपन्यांनी ती विकत घेतली होती. कशासाठी? नोकरीसाठी आलेला उमेदवार कोणत्या वस्तीतला आहे ते तपासायला. लग्न ठरवताना खासगी गुप्तहेर लावून मूळ गाव शोधण्याचे प्रकारही तिथे झाले आहेत. पंचाहत्तर दिवसांत विरणारी कुजबुज पुस्तक होऊन कपाटात जाऊन बसली!

म्हणून मी म्हणतो, जातीची कुजबुज ही नुसती टवाळकी नाही. ती जातीची वहीच आहे. गावातले हद्दीचे दगड विमानात नेता येत नाहीत, वेगळी विहीर नेता येत नाही, देऊळही नेता येत नाही. नेता येते ती फक्त माहिती: कोण कुणाचा, कुठला, कुणाशी जेवतो. ही माहिती तोंडातून तोंडी फिरते, तेवढ्यावर परदेशातही जात उभी राहते. मग कुणाला खोलीत भागीदार म्हणून घ्यायचे, कुणाला पार्ट-टाइम कामाची खबर द्यायची, कुणाला प्राध्यापकाकडे न्यायचे, हे त्याच माहितीवर ठरते. अमेरिकेत हे ओळखले गेले. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात आणली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये, आणि २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. या धोरणांसाठी आपल्याच विद्यार्थ्यांना पुढे येऊन साक्ष द्यावी लागली.

यावर आपल्यातलेच काही शहाणे सल्ला देतात, "आडनाव लपवा, कुणात मिसळू नका, डिग्री घ्या आणि परत या." या सल्ल्यामागची काळजी मला समजते. परक्या देशात एकट्या मुलीने आपली ओळख कुणाला सांगायची आणि कुणाला नाही, हा पूर्णपणे तिचा अधिकार आहे. त्यावर मी कोण बोलणार? पण लपवणे हेच आपले धोरण झाले तर काय होते? कुजबुज करणाऱ्याच्या हाती आपला कान जातो. तो कधीही पिळू शकतो. त्या जपानी आजीने आयुष्यभर गाव लपवले, तरी यादी छापणाऱ्यांनी ते छापलेच.

बुराकूंनी दुसरा रस्ताही दाखवला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये त्यांनी सुइहेइशा ही संघटना उभी केली आणि आपली ओळख स्वतःच्या तोंडाने, ताठ मानेने जाहीर केली. महाडच्या आधी पाच वर्षे! अलीकडे वस्त्यांची एक जुनी यादी इंटरनेटवर टाकली गेली, तेव्हा बुराकू मुक्ती चळवळीने कोर्टात धाव घेतली. २०२१ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने यादीचा मोठा भाग काढायला लावला. २०१६ चा बुराकू भेदभाव निर्मूलन कायदा आहे, पण त्यात शिक्षेची तरतूद नाही. आपल्याकडे कायद्यात शिक्षा आहे, अंमलबजावणी नाही. दोघांनी एकमेकांकडून शिकण्यासारखे खूप आहे.

मैत्री कुणाशी करावी, हे बाबासाहेबांच्या आयुष्यातून शिका. कोलंबिया विद्यापीठात लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनचे शिक्षण पुरे करताना याच मित्राने कर्जाऊ पैसे दिले. आणि १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेल्यावर पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलायला लाठ्या घेऊन आले तेही पारशीच. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पण त्या लाठ्यांमुळे त्यांनी नवलची मैत्री तोडली नाही, आणि नवलच्या मैत्रीमुळे लाठ्या विसरलेही नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवणे म्हणजे विवेक. भारतीय गटात तीन जण कुजबुज करतात म्हणून चौथ्यालाही शत्रू मानू नका. आणि एक गोड बोलला म्हणून सारा गट आपला समजू नका.

आता जरा स्वतःच्या घरात डोकावू. ती मुलगी परत आल्यावर ऊर्जानगर-दुर्गापूरमध्ये काय बोलले गेले? "तिकडे कुणाबरोबर फिरत होती म्हणे." "आता हिचे लग्न कसे जमायचे?" "लई शिकली, आता आपल्याला काय विचारते!" बोलणारे कोण होते? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे चालणारे आपलेच लोक. जपानमध्ये सवर्ण पोरांनी तिच्या आडनावावर कुजबुज केली, इथे आपण तिच्या चारित्र्यावर केली. तिच्या आईने मला सांगितले, "जपानचे बोलणे ती पचवून आली. इथल्या बोलण्याने मात्र चार दिवस जेवली नाही." हे वाचून ज्याची मान खाली जात नाही, त्याने जयभीम म्हणताना एकदा विचार करावा. पंचशीलातील चौथे शील तोंडपाठ असून भागत नाही.

मग करायचे काय?

पहिले, परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आधी गेलेल्याशी जोडून द्या. कुठे खोली मिळते, कोणता प्राध्यापक चांगला, तक्रार कुठे करायची, ही माहितीही कानोकानीच फिरते. तेव्हा आपलीही कानगोष्टींची साखळी असू द्या, पण कामाची.

दुसरे, जपानला जाल तर फक्त भारतीय गटाच्या दारात ताटकळू नका. नारा प्रांतात गोसे येथे सुइहेइशाचे संग्रहालय आहे, तिथे जा. कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा बसला आहे, तोही पाहा. पण पुतळ्याला हार घालून परत फिरू नका, तिथल्या माणसांशी बोला. भदंत सुरई ससाई जपानमधून नागपूरला आले आणि आपले झाले. आपण त्यांना आडनाव विचारले होते का?

तिसरे, सरकारला जाब विचारा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे या मुलीला उद्या जात आणि बुराकू यांचा तुलनात्मक अभ्यास बाहेर जाऊन करायचा असेल, तर त्या शिष्यवृत्तीचे दार बंद! ज्या विषयाचे चटके आपण सोसतो, तोच विषय आपण शिकू नये, हे कोणाच्या सोयीचे आहे?

चंद्रपूरच्याच मातीतले राजाभाऊ खोब्रागडे इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले आणि राज्यसभेचे उपसभापती झाले. तेव्हाही लोक बोललेच असतील. ते कोण बोलले, हे आज कुणाला आठवते?

त्या मुलीची जपानी मैत्रीण यंदा ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरला येणार आहे. आजीचे गाव कोणते, हे ती आता उघड सांगते. ती दीक्षाभूमीवर येईल तेव्हा आपल्या वस्तीत काय बोलले जाईल, हे आपल्याच हातात आहे.

जयभीम!