सोमाली कुटुंबांचा इतिहास परक्यांच्या दप्तरांत

सोमाली घरातल्या मुलाला लहानपणीच पूर्वजांची नावे तोंडपाठ करायला लावतात. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे, अशी कितीतरी पिढ्या मागे जाणारी ही मोजणी. तिला ‘अब्तिर्सी’ म्हणतात. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये. तोवर घराण्याचा इतिहास या पाठांतरातच जपला गेला. १९८८ मध्ये हर्गेसा शहरावर बॉम्ब पडले, १९९१ मध्ये सियाद बरे यांची राजवट कोसळली आणि देशात जी थोडीफार सरकारी दप्तरे होती, त्यांचीही वाताहत झाली.

आज ब्रिटन-अमेरिकेत वाढलेली सोमाली नातवंडे आजोबांचा माग काढू लागतात, तेव्हा त्यांच्या हाती लागतात ती परक्या सरकारांची कागदपत्रे. हा केवळ हौसेचा मामला नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेने १२ देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, त्यांत सोमालिया होता. सख्ख्या नातेवाइकांसाठी सवलत होती, पण नाते ठोस पुराव्याने सिद्ध करण्याच्या अटीवर. डिसेंबरमध्ये ती सवलतही काढून घेतली गेली. म्हणूनच हे कागद नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे समजून घेतले पाहिजे.

या शोधाची एक वाट आपल्या मुंबईतून जाते. ब्रिटिशांनी १८३९ मध्ये घेतलेले एडन बंदर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारात होते. समोरच्या किनाऱ्यावरचा ब्रिटिश सोमालीलँडही १८९८ पर्यंत एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होता. त्यामुळे एडनच्या जुन्या कारभाराची कागदपत्रे मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडतात. याच एडनमधून सोमाली तरुण बोटींवर चढले, भट्टीत कोळसा टाकण्याचे काम करत कार्डिफ, साउथ शील्ड्स, लिव्हरपूलला पोचले. कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांनाही बोटीवरची नोकरी परकी नाही. हे आयुष्य कसे असते, ते त्यांना सांगायला नको.

१९१८ ते १९२१ या काळात ब्रिटनने व्यापारी बोटींवरील खलाशांची कार्डे केली. त्यांतल्या अनेकांवर खलाशाचा फोटो आहे. एखाद्या नातीला आजोबांचा तरुणपणीचा चेहरा पहिल्यांदा तिथेच दिसू शकतो. पण जन्मस्थळाच्या रकान्यात ‘एडन’ लिहिलेले असेल, तर घराणे एडनचे असेलच असे नाही. एडनमध्ये जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजन ठरे, सोमालीलँडमधला मात्र फक्त ‘संरक्षित’. पुढे १९२५ च्या आदेशाने, ब्रिटिश असल्याचा पुरावा नसलेल्या गौरेतर खलाशांना परकीय म्हणून नोंद करणे सक्तीचे झाले. अशा वेळी ‘एडन’ हा शब्द गावाचा पत्ता कमी आणि पोटापाण्याची सोय जास्त होता.

नावांचा घोळ याहून मोठा. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे आणि शेवटी आडनाव. सोमालींत आडनावच नसते. तिसरे नाव आजोबांचे. परदेशी कारकून ते आडनाव धरून चालतो. मग बापाचे ‘आडनाव’ एक, मुलाचे दुसरे आणि लग्नानंतरही नाव न बदलणाऱ्या आईचे तिसरेच. त्यात ‘मोहम्मद’चे स्पेलिंग इंग्रजांच्या दप्तरात एक, इटालियनांच्या दप्तरात वेगळे. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या असंख्य निर्वासितांच्या कागदांवर १ जानेवारी टाकली गेली. एकाच घरातल्या चौघांचा वाढदिवस एका दिवशी कसा, असा संशय घेणाऱ्याने ती तारीख कोणी लिहिली, हेही विचारावे.

सर्वांत अवघड रकाना नात्याचा. २००८ मध्ये अमेरिकेने नैरोबीत आणि नंतर आफ्रिकेत इतरत्र, कुटुंबाकडे जाऊ इच्छिणाऱ्या निर्वासितांच्या डीएनए चाचण्या केल्या. सगळी सांगितलेली नाती सिद्ध झाली अशी कुटुंबे २० टक्क्यांहून कमी निघाली. उरलेल्यांत चाचणी नाकारणारेही मोजले होते. कार्यक्रम थांबला, तो २०१२ मध्ये डीएनएच्या अटीसह पुन्हा सुरू झाला.

यात लबाडी नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण युद्धात भाऊ मारला गेला की त्याची मुले चुलत्याच्या घरात वाढतात. इस्लाममध्ये अनाथाला सांभाळणे हे मोठे पुण्यकर्म, मात्र त्याच्या नावापुढचे जन्मदात्या बापाचे नाव बदलायचे नाही, असा नियम आहे. अब्तिर्सीत म्हणूनच तो मुलगा भावाचाच राहतो. परदेशी अर्जात मात्र पुतण्यासाठी जागा नसते. ‘मुलगा’ लिहिले तर खोटे, न लिहिले तर पोर छावणीतच राहणार.

म्हणून या कागदांतून इतिहास शोधणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. कागद कोणत्या कचेरीने, कशासाठी केला ते पाहावे. नावाची सगळी रूपे आणि टोपणनावेही तपासावीत, कारण सोमालींत टोपणनाव हीच अनेकदा खरी ओळख असते. आणि घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांची अब्तिर्सी लिहून किंवा रेकॉर्ड करून घ्यावी. अमेरिकेत माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली स्थलांतराची स्वतःची फाइल मागवता येते. ती या अब्तिर्सीशेजारी ठेवून वाचली, तरच तिचा अर्थ लागतो.

हाच नियम अधिकाऱ्यांनाही लागू व्हायला हवा. कागद आणि माणसाचे बोलणे जुळत नसेल, तर आधी विचारपूस व्हावी, शिक्का मागाहून. नाहीतर यंदाही ईदच्या मुबारकबादीचे फोन मिनियापोलिसहून नैरोबीला जातील आणि पलीकडचे पोर विचारील, माझी फाइल कुठवर आली?