फटके, शपथ आणि दहा दिवस

भोकरदनहून जालन्याकडे एसटीने निघालं की रस्त्याकडेच्या एखाद्या भिंतीवर जाहिरात दिसतेच : रुग्णाच्या नकळत व्यसन सोडवा. खाली मोबाइल नंबर. चहाच्या टपरीवर विषय काढला तर दुसरा इलाज मिळतो : ‘‘चार फटके द्या, खोलीत कोंडा, आठ दिवसांत सरळ होतो.’’ तिसरा इलाज घरचा. आई पोराचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवते आणि म्हणते, ‘‘माझी शपथ घे.’’

तिन्ही इलाजांमागची समजूत एकच : एकदा का अंगातून नशा उतरली की माणूस सुटला, मग पुढचं त्याच्या मनावर. हेरॉईनच्या बाबतीत ही समजूत नुसती चुकीची नाही, ती जीव घेते.

‘‘आपल्याकडे कुठं आलं हेरॉईन?’’ हा प्रश्न येणारच. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पसरली तेव्हाही लोक असंच म्हणत होते. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं तेव्हा अनेक घरांना आपल्या पोराला झालंय काय ते कळलं. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूच्या कुळातलं काही ना काही घेतात. त्यात सगळ्यांत जास्त हेरॉईन, त्याखालोखाल नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणि औषधं. आपल्या तालुक्यातली पोरं कामाला पुण्या-मुंबईला जातात, पेरणीला आणि लग्नाला परत येतात. सवय काही शहरातच ठेवून येत नाहीत. आणि गोळ्यांच्या पाकिटाला तर कुठलंच गाव लांब नाही.

आता शरीरात काय होतं ते बघू. हेरॉईन मेंदूत पोचलं की त्याचं मॉर्फिन होतं. वेदना, सुख आणि श्वास सांभाळणाऱ्या ज्या जागा आहेत, तिथं ते जाऊन बसतं. रोज घेतलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मग तेवढ्याच नशेला जास्त माल लागतो, आणि पुढे तर नशेसाठी नाही, नुसतं धड उभं राहण्यासाठी तो लागतो. बद्धकोष्ठ जडतो, भूक मरते, लैंगिक इच्छा जाते, बाईची पाळी बिघडते. पन्नीवर ओढणाऱ्याची फुप्फुसं खराब होतात. एकच सुई अनेकांनी वापरली की एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी.

बंद केलं की ६ ते १२ तासांत जांभया, वाहतं नाक, अंगावर काटा, पोटात पिळवटणं, उलट्या, जुलाब. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट. साधारण आठवड्यात हे ओसरतं. घरचे म्हणतात, सुटला!

खरा धोका इथूनच सुरू होतो. या दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, ओढ मात्र तशीच असते. महिन्याभराने एखाद्या संध्याकाळी तो जुन्या मापाने घेतो. काल-परवापर्यंत जे माप पचत होतं, तेच आज श्वास थांबवतं. म्हणून कोंडून, मारून ‘साफ’ केलेला आणि पुढे कुठलाही उपचार न दिलेला मुलगा आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो. फटके देणाऱ्याला हे माहीत नसतं. तो म्हणतो, पोराला मन नव्हतं.

औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिन नावाची, जिभेखाली ठेवायची गोळी. ती मेंदूत हेरॉईनच्याच जागेवर बसते, पण तिचा असर एका मर्यादेपुढे वाढत नाही. ओढ थांबते, माणूस कामावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. फ्रान्सने १९९५पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ती लिहून द्यायला मुभा दिली, आणि पुढच्या चार वर्षांत तिथले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले.

‘‘म्हणजे एक नशा सोडून दुसरी?’’ हा आक्षेप शिकलेले लोकही घेतात. मधुमेहाच्या माणसाला आपण ‘इन्सुलिनचा व्यसनी’ म्हणत नाही. या गोळीचाही गैरवापर होऊ शकतो, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर ती घातक ठरते. म्हणूनच ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हवी. पण देखरेख म्हणजे टाळाटाळ नव्हे.

गोळी पुरेशी आहे का? नाही. डॉ. अनिता अवचटांनी १९८६मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हापासून तिथं माणसासोबत त्याच्या घरालाही उपचारात घेतलं जातं, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा होतो. शिकायचं ते हे. पण सगळ्यांनी पुण्याला जावं, हे धोरण होऊ शकत नाही. रोज मजुरी बुडवून कोण जाईल? ब्युप्रेनॉर्फिन आणि समुपदेशक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हवेत. टीबीची औषधं गावापर्यंत पोचतात, मग हे का नाही?

दुसरी भीती पोलिसांची. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधून ठेवायला बंदी आहे. कुठलं ‘केंद्र’ मारत असेल, बांधत असेल, तर तो उपचार नाही, गुन्हा आहे.

तुमच्या ओळखीत कोणी असेल तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. कोणी निळा पडला, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, श्वास मंदावला, तर १०८ला फोन करा, कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. वेळेत नॅलोक्सोन मिळालं तर माणूस काही मिनिटांत परत श्वास घेतो.

आणि पुढच्या वेळी टपरीवर कोणी ‘चार फटके’ म्हणाला, तर हसून सोडून देऊ नका. त्याला विचारा : अकराव्या दिवशी काय?