उतार कुठे आहे?
फुलचूरच्या धानाच्या बांध्यांमधून गोंदियाकडे जाताना म्हणावा असा उतार लागतच नाही, तरी एखाद्या पोराला डाउनहिलचीच सायकल हवी असते. हौसेला मोल नाही म्हणतात. या सायकलीला मात्र भरपूर आहे. पुढे-मागे सुमारे 200 मिलिमीटर दबणारे शॉकअप, जाड टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, 15-16 किलो वजन. पाचेक मिनिटांच्या शर्यतीत डोंगर उतरण्यापुरतंच घडवलेलं हे यंत्र. सपाटीवर शॉकअपच पायांचा जोर खातो, चढावर तर ती ढकलावीच लागते. सालेकसा तालुक्यात दरेकसाच्या डोंगरांपर्यंत जायचं असेल, तर फक्त पुढे 100-120 मिलिमीटरचा शॉकअप असलेली हार्डटेल पुरे. वाचलेल्या पैशांत आधी चांगलं हेल्मेट घ्या, आणि फ्रेम स्वतःच्या उंचीला बेतून. दुकानात शिल्लक आहे म्हणून नव्हे.