झिलई आणि नागमोडी रेघ

जीवाश्माचा नमुना हाती आला की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘खरा की खोटा?’ हा. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. लबाडीचा बराचसा व्यवहार खऱ्या-खोट्याच्या मधल्या पट्ट्यात चालतो, आणि तिथे ती बहुधा झिलईच्या सभ्य नावाने वावरते.

१९३१ साली इटलीच्या आल्प्समध्ये सापडलेल्या ट्रायडेंटिनोसॉरसचे उदाहरण बोलके आहे. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या या सरड्यासारख्या प्राण्याची काळी देहाकृती म्हणजे टिकून राहिलेली त्वचा व मांस, असे कित्येक दशके मानले गेले. व्हॅलेंटिना रॉसी आणि सहकाऱ्यांनी अतिनील प्रकाशात व सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार ती आकृती म्हणजे कोरून रंगवलेला खडक होता. मागच्या पायांची हाडे आणि पाठीवरचे बारीक अस्थिमय खवले मात्र अस्सल निघाले. नमुना खराही होता आणि खोटाही.

बाजारातही हेच. मोरोक्कोतून येणाऱ्या ट्रायलोबाइटांत साच्यातून ओतलेल्या सरळ नकला असतात, तसे अर्धे अस्सल व अर्धे राळेने पुरे केलेलेही असतात. भिंगातून हवेचे बुडबुडे दिसतात का, खडकातली भेग जीवाश्मातूनही जाते की त्याच्या कडेशी अचानक थांबते, अतिनील प्रकाशात एखादे ठिगळ निराळे उजळते का, एवढ्या साध्या तपासणीतूनही पुष्कळ कळते. परंतु नमुना गुळगुळीत घासून वर चकाकीचा लेप दिला, भोवतीचा खडक काढून टाकला, की यातल्या बऱ्याचशा खुणा नाहीशा होतात. म्हणून तपासणी आधी आणि झिलई नंतर, हा क्रम मोडता कामा नये.

झिलई सरसकट वाईट नव्हे. अमोनाइटचे वरचे कवच घासून काढले की आतल्या कप्प्यांच्या सांध्यांची नक्षी दिसते. अश्मीभूत लाकडाचा काप सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत घासला की त्यातून प्रकाश आरपार जातो आणि पेशींची रचना उलगडते. तिथे घासणे हे वाचणे असते. दिवाणखान्यातल्या नमुन्यावर ते बहुधा केवळ सजवणे असते.

साहित्याच्या अभ्यासकांना हा भेद नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. स्वीकारलेला पाठ जिथे पुरेसा निश्चित नव्हता, तिथे संपादकांनी त्याखाली नागमोडी रेघ ओढली आणि इतर पाठभेद तळटीपांत नोंदवले. दुरुस्ती केली, पण ती लपवली नाही. वाचकाला संपादकाचा हात दिसत राहिला.

जीवाश्मालाही अशी नागमोडी रेघ हवी. नमुन्याची एक बाजू न घासता ठेवावी. कोणता भाग जोडला, कुठे राळ भरली, कोणता लेप दिला आणि नमुना कोणत्या ठिकाणचा, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. असे लिहिले तर किंमत उतरेल, ही भीती विक्रेत्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ती खरी ठरली, तर मात्र दोष केवळ विक्रेत्याचा नसेल. अखंड आणि चकचकीत तेच मोलाचे मानणाऱ्या आपल्या रुचीचाही असेल.