हप्त्यावरचें घड्याळ

गेल्या रविवारीं सकाळीं शेजारच्या गांवचे एक कुंभार गृहस्थ आमच्याकडे आले. ओट्यावर बसून त्यांनीं बंडीच्या खिशांतून घडी घातलेला एक छापील कागद काढला आणि "गुरुजी, यावर सही करूं का?" एवढेंच विचारलें. कागद कर्जाचा होता. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा असून यंदा बारावीला आहे. दोन उन्हाळे तालुक्याच्या बाजारांत एका आडत दुकानीं माल मोजून व पोतीं शिवून त्यानें 18,000 रुपये साठविले आहेत. आतां त्याला 65,000 रुपयांचें स्वीस घड्याळ पाहिजे. उरलेले 47,000 रुपये चोवीस हप्त्यांनीं फेडावयाचे आणि त्याकरितां बापानें सही करावयाची, असा बेत आहे.

हा प्रश्न एकाच घरचा असता, तर त्याचें उत्तर ओट्यावरच देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु मोबाईलच्या पडद्यावर रोज नवें मनगट व नवें घड्याळ पाहणारीं पोरें आतां वाडीवस्तीवरहि आहेत, आणि असा कागद आज ना उद्यां आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं येणार आहे. म्हणून या गोष्टीचा येथें जरा विस्तारानें विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम एक गोष्ट निकालांत काढूं. हे गृहस्थ आमच्याकडे येण्यापूर्वीं गांवांतील एका प्रतिष्ठिताकडे गेले होते. तेथें त्यांस उत्तर मिळालें, "कुंभाराच्या पोराला स्वीस घड्याळ रे कशाला?" हें उत्तर आम्हांस साफ नामंजूर आहे. इंदूर संस्थानांतील कित्येक गांवांच्या उच्चवर्णीयांनीं 1928 सालीं बलाई जातीच्या लोकांस हुकूम सोडला होता, कीं पुरुषांनीं जरीकांठी पागोटें बांधूं नये व बायकांनीं सोन्याचांदीचे दागिने घालूं नयेत. डॉ. आंबेडकरांनीं 1936 च्या आपल्या प्रसिद्ध भाषणांत ही हकीकत नमूद करून ठेवली आहे. कोणीं काय ल्यावें हें जातीवरून ठरविणाऱ्या त्याच बुद्धीचा वास या 'कशाला'ला येतो. धनिकाच्या मुलानें घातलें म्हणजे रसिकता, आणि कुंभाराच्या मुलानें घातलें म्हणजे माज, हा न्याय आम्ही मानीत नाहीं.

घड्याळ ही मुळांत चैनीची वस्तु आहे असेंहि आम्ही म्हणत नाहीं. वेळ कोणाच्या हातीं आहे, या प्रश्नावर आपल्याच माणसांनीं मोठा झगडा केलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत पहांटेपासून दिवेलागणीपर्यंत माणसें राबत, तेव्हां 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 सालीं सुमारें 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, सकाळीं साडेसहाला काम सुरू व सूर्यास्ताला बंद, हें त्यांचें मागणें होतें. रविवारची सुट्टी मिळण्यास 1890 साल उजाडलें. भोंगा मालकाचा आणि घड्याळहि मालकाचें, अशी स्थिति असतां ज्याला वेळ कळत नाहीं तो फसतो, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें. तेव्हां मुलाच्या मनगटाला घड्याळ असावें, अगत्य असावें.

पण तें कोणतें? येथून आमची व त्या मुलाची वाट निराळी होते.

या स्वीस घड्याळांचा इतिहास आमच्या कारागीर वाचकांनीं अवश्य जाणून घेण्यासारखा आहे. त्या देशाच्या जुरा नांवाच्या डोंगराळ मुलखांत हिंवाळ्यांत बर्फ पडून शेतीचीं कामें बंद पडत. तेव्हां तेथील शेतकरी खिडकीशीं बांक मांडून बसत आणि घड्याळाचीं चाकें, कांटे, स्क्रू असे सुटे भाग घरींच घडवीत. कोणी एक भाग करी, कोणी दुसरा, आणि व्यापारी ते गोळा करून घड्याळ जुळवून घेई. म्हणजे आज ज्याचा डौल श्रीमंतांच्या मनगटावर मिरवतो, तें मूळचें गरीब कुणब्यांच्या फावल्या वेळचें हातकाम! हातकामाचें मोल आपल्याइतकें कोणास कळणार? चाकावर मडकें उठविणारास, करवतीची धार ओळखणारास, त्या लहानशा यंत्राबद्दल आदर वाटला तर त्यांत नवल नाहीं. मुलानें आपल्या बापाला सांगितलें कीं त्यांतील तोलचक्र सेकंदाला आठ ठोके देतें आणि हाताच्या हालचालीनेंच चावी भरली जाते. हें खरें आहे, आणि हें सांगतांना पोराचे डोळे चमकले असतील तर त्याबद्दल त्याला कोणीं रागें भरूं नये.

मात्र पुढचेंहि त्यानें जाणावें. 1969 सालीं जपानच्या सेको कंपनीनें गारेच्या स्फटिकावर चालणारें मनगटी घड्याळ बाजारांत आणलें. आजच्या अशा घड्याळांत वीज मिळतांच स्फटिकाचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळां थरारतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. या युक्तीनें स्वीस धंद्याची अशी गाळण उडाली, कीं 1970 च्या सुमारास तेथें जे जवळजवळ 90,000 लोक घड्याळाच्या कामावर होते, ते पंधराएक वर्षांत 30,000 च्या आसपास उरले. आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत हजार रुपयांना मिळणारें स्फटिकाचें घड्याळ महिन्याला सुमारें पंधरा सेकंद चुकतें. उलट, स्वित्झर्लंडांत जीं चावीचीं घड्याळें तपासून उत्तम म्हणून दाखला देतात, त्यांना दिवसाला चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें जाण्याची मोकळीक असते! याचा अर्थ, पासष्ट हजारांचें घड्याळ हजाराच्या घड्याळापेक्षां वेळ कमी बरोबर सांगतें. शिवाय चार-पांच वर्षांनीं तें उघडून, धुवून, तेल घालून घ्यावें लागतें, आणि तें काम तालुक्याला होत नाहीं.

मग हे जादा 64,000 कशाचे? कांहीं पोलादाचे, कांहीं कारागिरीचे, पण मोठा वांटा तबकडीवरच्या नांवाचा व जाहिरातीचा. या किंमतीच्या पुष्कळ घड्याळांतलें यंत्र हातानें नव्हे तर कारखान्यांत हजारोंनीं तयार होतें, आणि एकाच कारखान्याचें यंत्र निरनिराळ्या नांवांच्या घड्याळांत बसविलेलें असतें. जुराच्या त्या कुणब्याच्या खिडकीची गोष्ट जाहिरातींत सांगतात, आणि आपण तिचे पैसे भरतों.

मुलाचें आणखी एक म्हणणें असें, कीं घड्याळाची किंमत वाढते, म्हणून ही गुंतवणूक आहे. कांहीं थोड्या दुर्मिळ घड्याळांची वाढते हें खरें. पण 2022 च्या आरंभीं शिखरास गेलेले तेच भाव पुढें कोसळले, आणि सामान्य घड्याळ तर दुकानाची पायरी उतरतांच उतरतें. घरांत अडचण आली तर सोनार सोन्याच्या मण्यावर पैसे देतो, पोलादाच्या घड्याळावर देत नाहीं. आमच्या आयाबहिणींना हें अर्थशास्त्र कोणी शिकवावें लागत नाहीं.

आतां त्या कागदाकडे येऊं. मुलाचें कर्ज, मग सही बापाची कां? कारण अठरा वर्षांखालील मुलानें केलेला करार कायद्यानें रद्दबातल असतो. 1903 सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तसा स्पष्ट निवाडाच दिला आहे. कंपनीला हें पक्कें ठाऊक असतें, म्हणूनच ती बापाला धरते. मुलाचा हौसेचा हप्ता थकला तर वसुलीवाला आडत दुकानीं जाणार नाहीं, भट्टीवर येईल. कागदावर मोठ्या अक्षरांत 'बिनव्याजी' असें छापलें होतें, आणि खालीं बारीक अक्षरांत निरनिराळे आकार. अशा शून्य टक्क्यांच्या योजनांत व्याज फीच्या नांवाखालीं लपविलेलें असतें, असें खुद्द रिझर्व्ह बँकेनें 2013 सालीं बँकांना बजावलें होतें. चोवीस महिने दरमहा दोन हजारांच्या घरांत रक्कम, आणि हे आकार निराळेच. पावसाळ्याचे चार महिने भट्टी बंद असते, तेव्हां हे पैसे कोठून आणणार, असें आम्हीं विचारलें. गृहस्थ गप्प राहिले.

1875 सालीं याच पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें गांठून कर्जरोखे काढले व जाळले. दंगा नगर जिल्ह्यांत पसरला, आणि 1879 चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा त्यांतूनच निघाला. त्या लोकांनीं निदान पोटासाठीं, साऱ्यासाठीं, लग्नासाठीं अंगठे दिले होते. (लग्नासाठीं दिले हेंहि बरें केलें नाहीं, पण तो विषय निराळा. नवरदेवाला सासऱ्याकडून घड्याळ, सायकल व अंगठी घेण्याची खोड आपल्यांत हुंडाबंदीच्या 1961 च्या कायद्यानंतरहि किती वर्षें टिकली, हें ज्यांनीं मांडव पाहिले आहेत त्यांस सांगावयास नको.) त्यांचीं पणतवंडें आज शौकासाठीं मोबाईलवर बोट टेकून रोखा लिहून देतात, आणि तो जाळावयाला कागदहि हातीं राहत नाहीं.

आमचें मत स्पष्ट आहे. सही करूं नये. अठरा हजार मुलाचे आहेत, त्याच्या घामाचे आहेत, त्यांतून त्यानें हवें तें घड्याळ रोखीनें घ्यावें, बापानें आडवें येऊं नये. दीड-दोन हजारांत सुबक व टिकाऊ घड्याळ मिळतें. त्याचा जीव चावीच्याच घड्याळावर असेल, तर बापाच्या मनगटाकडे पाहावें. तेथें एच.एम.टी.चें चावीचें जुनें घड्याळ आहे. बंगळूरच्या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें 1961 पासून अशीं घड्याळें केलीं. 2016 सालीं सरकारनें तें काम गुंडाळण्याचें ठरविलें, पण तीं घड्याळें अजून उघडतात, दुरुस्त होतात, चालतात. ज्याला यंत्राची इतकी ओढ आहे त्यानें तें उघडून बघावें, त्याची विद्या शिकावी. मोठ्या नांवाची नक्कल 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकतात, तिच्या वाटेला मात्र जाऊं नये. आपल्याजवळ नाहीं तें आहे असें दाखविण्यासाठीं पैसे मोजणें आम्हांस कर्जाहूनहि हलकें वाटतें.

स्वतः कमवूं लागल्यावर, देणें नसतां, त्यानें पासष्ट हजारांचें घेतलें तरी आमची हरकत नाहीं. तेव्हां तो ठरवील.

उठतां उठतां आम्हीं त्या गृहस्थांस विचारलें, "मुलापाठची मुलगी आहे ना? ती काय करते?" ते म्हणाले, अकरावीला आहे, सकाळीं माती मळते, भट्टी लावतांना आईच्या बरोबरीनें असते, आणि नर्सिंगला जाईन म्हणते. तिच्या दोन उन्हाळ्यांच्या कामाची मजुरी कोणीं धरली काय, असें विचारतां ते म्हणाले, "घरचेंच काम, गुरुजी. आणि तिनें कधीं कांहीं मागितलेंच नाहीं."

कागद त्यांनीं पुन्हां घडी घालून खिशांत ठेवला. येत्या रविवारीं ते मुलाला घेऊन येणार आहेत. मुलीलाहि आणावें असें आम्हीं त्यांस मुद्दाम सांगितलें आहे.