रोजचे शब्दकोडे म्हणजे डिमेन्शियाचा विमा नव्हे!

"डॉक्टर, मी रोज सकाळी वर्डल सोडवतो. आता मला विसरण्याचा आजार होणार नाही ना?" हल्ली हा प्रश्न मला बऱ्याचदा ऐकायला मिळतो. विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात आणि खेळ नातवंडांनी फोनवर लावून दिलेला असतो. त्यांच्या चेहऱ्यावर विम्याचा हप्ता वेळेवर भरल्याचे समाधान दिसते. मला बोलायचे आहे ते या समाधानाबद्दल.

आधी खेळाबद्दल. ठरावीक अक्षरे असलेला इंग्रजी शब्द शोधणे मेंदूला वाटते तितके सोपे नसते. तुम्हीच करून पाहा. 'के' या अक्षराने सुरू होणारे शब्द आठवा. किंग, किचन, काइट... भराभर येतात. आता ज्यांच्या स्पेलिंगमध्ये तिसरे अक्षर 'के' आहे असे शब्द आठवा. अडलात ना? लाइक, बेक, आस्क, एवढेच काय, वाढदिवसाचा केकसुद्धा याच यादीत बसतो. टव्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली नेमके हेच उदाहरण घेतले होते. इंग्रजी मजकुरात 'के' पहिल्यापेक्षा तिसऱ्या जागी जास्त वेळा येते, पण लोकांना उलटे वाटते. कारण आपण शब्द सुरुवातीच्या आवाजावरून शोधतो, मधल्या अक्षरावरून नाही. वर्डलमध्ये पिवळा चौकोन आला की डोके खाजवावे लागते ते यामुळेच.

म्हणून, अक्षरे टाकली की शब्दांची यादी देणारी जी अ‍ॅप आणि वेबसाइट आहेत, त्यांच्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. खेळात काही व्यायाम असेलच, तर तो त्या अडण्यात आहे. यादी बघून शब्द भरणे म्हणजे लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाऊन "जिने चढून आलो" म्हणण्यासारखे आहे. मजेसाठी बघितलीत तर बघा, माझी हरकत नाही. त्याला व्यायाम म्हणू नका, एवढेच.

आता मुद्द्याचे. शब्दांचे खेळ खेळून माणूस प्रामुख्याने शब्दांच्या खेळात तरबेज होतो. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते! शब्दांच्या याद्या पाठ होत्या, भाषा नव्हती. त्यांची स्मरणशक्ती अचाट आहे यात शंका नाही. पण एका गोष्टीचा सराव दुसरीकडे आपोआप उतरत नाही, हे यातून छान कळते. वर्डलमध्ये पटाईत झालात म्हणून चष्मा कुठे ठेवला ते आठवेलच असे नाही.

"मेंदू तल्लख करणारे" खेळ विकणाऱ्यांना हे सांगायला आवडत नाही. ल्युमॉसिटी हे अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा आरोप ठेवला आणि 2016 साली कंपनीला 20 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. दुसरी बाजूही सांगतो. सौम्य स्मृतिदोष असलेल्या 107 जणांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संगणकावरच्या मेंदूच्या खेळांपेक्षा साधी शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्थिती थोडी बरी राहिली. मात्र काहीच न खेळणारा गट त्यात नव्हता. त्यामुळे कोडी आजार थांबवतात, असे त्यावरून म्हणता येत नाही.

मग काय उपयोगी पडते? लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाचे 14 बदलता येण्याजोगे धोके दिले आहेत. ते सगळे आटोक्यात आले तर सुमारे 45 टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा, कमी ऐकू येणे, कमी दिसणे ही त्यातली काही नावे. मला खटकते ते इथे. वर्डलची सलग 200 दिवसांची साखळी तुटू नये म्हणून प्रवासातही धडपडणारे आजोबा बीपीची गोळी मात्र "बरे वाटतंय" म्हणून परस्पर बंद करतात. श्रवणयंत्र कपाटात पडून असते.

खेळायचेच असेल तर मराठीतही खेळा. वर्तमानपत्रातले शब्दकोडे शेजाऱ्यांबरोबर सोडवा, नातवंडांबरोबर भेंड्या लावा. भेंड्यांमध्ये समोर माणूस असतो, हा तिचा मोठा फायदा.

एक गैरसमज आणखी. इंग्रजी शब्द सुचत नाहीत म्हणून घाबरून येणारेही असतात. मेंदूच्या तपासणीत आम्ही असे शब्द विचारतो, हे खरे. मोका या चाचणीच्या इंग्रजी आवृत्तीत एका मिनिटात 'एफ' पासून निदान 11 शब्द सांगावे लागतात, त्यात विशेषनामे चालत नाहीत. पण ज्यांचे आयुष्य मराठीत गेले त्यांची परीक्षा मराठीतच घ्यायला हवी. शाळेत न गेलेल्या आजींना मी अक्षर देत नाही, एका मिनिटात भाज्यांची किंवा प्राण्यांची नावे सांगायला सांगतो. एखादे नाव जिभेवर येऊन अडले आणि तासाभराने आठवले, तर त्यात विशेष काही नाही. रोजच्या वस्तूंची नावे वारंवार अडू लागली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, नेहमीच्या हिशेबात गोंधळ होऊ लागला, तर तपासून घ्या. बी-12 ची कमतरता किंवा थायरॉइडचा विकारही यामागे असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

आणि शब्द अचानक हरवले, बोलणे एकाएकी असंबद्ध किंवा बोबडे झाले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितके चांगले. "झोपून उठल्यावर बरे वाटेल" म्हणून वाट पाहू नका. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून घ्या आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जा. माझ्या दवाखान्यात आधी येऊ नका.