जहाज लागल्यानंतरचे तीन तास

समुद्रसहलीहून परतलेल्या कुटुंबाला सूर्यास्त आठवतो, जेवणावळी आठवतात. पण शेजाऱ्यांना सांगताना सुरुवात होते ती बहुधा शेवटच्या सकाळपासून. जहाज पहाटेच धक्क्याला लागलेले असते. खिडकीतून शहर दिसत असते. आणि तरीही जिन्यावर, मार्गिकेत, उपाहारगृहाच्या दारात माणसे बॅगा धरून ताटकळत उभी असतात. दोन तास जातात, तीन जातात. ध्वनिक्षेपकावरून कुठल्यातरी क्रमांकाचा पुकारा होतो, तो आपला नसतो. कोणी दुपारचे विमान चुकेल म्हणून अस्वस्थ, कोणी वृद्ध आईला बसायला खुर्ची मिळेना म्हणून संतप्त.

हा अनुभव जगभरच्या क्रूझ बंदरांवर येतो. आता तो आपल्या दाराशी आला आहे, म्हणून त्याचा साकल्याने विचार व्हायला हवा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’चा प्रारंभ झाला, २०२९पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. पाठोपाठ २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे सव्वाचार लाख चौरस फुटांची वास्तू, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता, नोंदणी व आप्रवासन मिळून ७२ खिडक्या. पी. अँड ओ.च्या टपालबोटी जिथे लागत आणि उतारू जिथून थेट रेल्वेच्या डब्यात चढत, त्याच जागी स्वतंत्र भारताने आपले प्रवेशद्वार उभारले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु प्रवेशद्वाराची थोरवी त्याच्या कमानीवर ठरत नाही. त्यातून माणूस किती सुखाने आत येतो, यावर ठरते.

थोडे गणित मांडले तर अडचण नेमकी कुठे आहे ते ध्यानात येते. जहाजावर २४०० प्रवासी आहेत आणि त्यांना तीन तासांत उतरवायचे आहे, असे धरू. म्हणजे तासाला ८००. साडेचार सेकंदांना एक माणूस. शिडी एकच असेल, तर दर साडेचार सेकंदांना एका प्रवाशाने ओळखपत्र दाखवून, नोंद होऊन खाली पाऊल टाकले पाहिजे. हातात दोन बॅगा आणि कडेवर मूल असलेल्या गृहिणीला हे कसे साधावे? पुढे प्रत्येक पारपत्र तपासायला दोन मिनिटे लागली, तर एका खिडकीवरून तासाला ३० माणसे सुटतात. ८०० माणसांसाठी २७ खिडक्या एकाच वेळी चालू हव्यात. खिडक्या ७२ असून भागत नाही, त्यांच्यामागे माणूस बसलेला असावा लागतो. मुंबईला निसर्गाचीही एक अट आहे. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो आणि धक्क्याला बांधलेल्या जहाजाबरोबर शिडीचा चढही बदलत राहतो. पहाटे सपाट असलेली शिडी नऊ वाजता गुडघेदुखीच्या माणसाला डोंगर वाटू शकते.

कोकणी माणसाला यात नवल वाटू नये. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या बोटी कोकणातील अनेक बंदरांत खोल पाण्यातच थांबत. किनाऱ्यावरून पडाव येत, आणि हेलकावणाऱ्या शिडीवरून माणसे, बोचकी, तान्ही मुले हातोहात खाली उतरवली जात. (‘बोट लागणे’ या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ का आला, हे त्या पिढीला सांगावे लागत नसे.) साधने तुटपुंजी होती, पण आधी कोणी उतरायचे आणि पडावात किती माणसे घ्यायची, हे तांडेलाच्या एका शब्दावर ठरे.

आज धक्क्यावर उणीव आहे ती त्या एका शब्दाची. आप्रवासन गृहमंत्रालयाच्या कक्षेत, सीमाशुल्क अर्थमंत्रालयाच्या, बंदर जहाजबांधणी व जलमार्ग मंत्रालयाच्या. सुरक्षेला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, आरोग्याची तपासणी आणखी कोणाकडे, सामान उतरवणारे कंत्राटदाराचे. प्रत्येकजण आपल्या नियमाने बरोबर असतो आणि प्रवासी मात्र उभा असतो. शेवटची बॅग किती वाजता हाती पडली, याचा जाब कोणाला विचारायचा हेच ठरलेले नसते.

यावर एक उत्तर ठरलेले येते : सुरक्षेचा प्रश्न आहे. तो आहेच, आणि महाराष्ट्राइतकी त्याची किंमत क्वचितच कोणी मोजली असेल. १९९३मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रातूनच मुंबईत शिरले. पण ते कोणत्या रांगेत उभे राहून आले नव्हते. मोकळ्या किनाऱ्यावरची गस्त आणि धक्क्यावरचा खोळंबा यांची गल्लत करणे म्हणजे दक्षतेच्या नावाखाली ढिलाई झाकणे होय. क्रूझ प्रवाशांची संपूर्ण यादी जहाज बंदरात येण्यापूर्वीच उपलब्ध असते. संशयास्पद नाव आदल्या रात्री शोधायचे असते, सकाळी दोन हजार माणसांना उभे करून नव्हे. परदेशी नागरिकांसाठी १ ऑक्टोबर २०२५पासून इलेक्ट्रॉनिक आगमनपत्र सुरू झाले आहे. विमानतळांवर भारतीयांसाठी जलद आप्रवासनाची योजना २०२४पासून चालू आहे. समुद्रमार्गे येणाऱ्यालाही या सोयींचा पुरता लाभ मिळाला पाहिजे. आणि मुंबई-गोवा-मुंबई अशी देशांतर्गत फेरी करून आलेल्याला पारपत्राच्या रांगेचा वाराही लागता कामा नये.

ज्या परदेशी जहाजाचा मुंबईत केवळ एका दिवसाचा मुक्काम असतो, त्याच्या बाबतीत तर हा खोळंबा थेट कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचतो. पाहुण्याच्या हाती आठ-दहा तास असतात. घारापुरीला जायला गेटवेहून लाँचने सुमारे एक तास, यायला एक तास. त्यात सकाळचे दोन तास धक्क्यावरच सरले, तर लेणी रद्द होतात. मार्गदर्शक, टॅक्सीवाला, लाँचवाला, बेटावरचा विक्रेता यांचा दिवस बुडतो.

आता दुसरी बाजू. सगळा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणे आपल्याला फार सोयीचे जाते. जहाजावर गटवार क्रमांक दिलेले असतात, रंगीत चिठ्ठ्या दिलेल्या असतात, आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवण्याची सूचना असते. ‘आपली बॅग आपल्याबरोबरच बरी’ म्हणून शेकडो माणसे ती सूचना मोडतात आणि मग तीच बॅग घेऊन उद्वाहनासमोर रांग अडवतात. पुकारा होण्याआधीच शिडीपाशी गर्दी करणाऱ्यांत सुशिक्षितांची संख्या कमी नसते. आदल्या रात्री हिशेब चुकता करावा. औषधे, पारपत्र, सकाळचे कपडे छोट्या पिशवीत ठेवावेत. चाकांची खुर्ची लागणार असेल तर तसे आधीच कळवावे. परतीचे विमान दुपारनंतरचे काढावे आणि आपला क्रमांक येईपर्यंत निवांत बसून राहावे. यात अवघड काही नाही.

आणि एक गोष्ट प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही. बहुतेक जहाजे त्याच संध्याकाळी नवे प्रवासी घेऊन निघतात. जुने प्रवासी उतरल्याशिवाय खोल्या आवरायला घेता येत नाहीत. तो वेळ कापला जातो खोल्या आवरणाऱ्या, सामान वाहणाऱ्या पोरांचा. आणि त्या पोरांत गोव्याचे, कोकणचे, मुंबईच्या उपनगरांतले कितीतरी असतात. दहा वाजेपर्यंत खोलीत रेंगाळणाऱ्या मराठी कुटुंबाच्या चादरी बदलणारा हात कदाचित त्यांच्याच गावचा असतो.

पश्चिम किनाऱ्यावरचा क्रूझचा हंगाम पावसाळ्यात थांबतो. त्या चार महिन्यांत बंदर प्राधिकरणाने सर्व खात्यांना एकत्र बसवून एका अधिकाऱ्याला धक्क्याचा तांडेल नेमावे, भरलेले जहाज आले आहे असे समजून दोन-चार सराव घ्यावेत, वृद्ध आणि अपंगांसाठी वेगळी वाट आखावी. त्यानंतर हंगाम सुरू झाला की प्रत्येक जहाजाचा पहिला दोर बांधल्यापासून शेवटचा प्रवासी टॅक्सीत बसेपर्यंतचा वेळ टर्मिनलच्या दर्शनी फलकावर लिहावा.